तूर्नोंचं वेळापत्रक

कुसगावात तीन बंगले माझ्या ताब्यात आहेत. मालक बाहेरगावी असतात. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना बंगले द्यायचे, चाव्या, चादरी, गरम पाणी आणि जेवण बघायचं, हे काम गेली अठरा वर्षं मी करते. येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला चावीसोबत मी एक छापील कागद देते. त्यावर मथळा आहे, 'दोन दिवसांत लोणावळा'. सकाळी सातला निघालात तर लोहगडाच्या पायऱ्या ऊन तापायच्या आत संपतात. कार्ल्याला नऊपर्यंत पोचलात तर गाडी लावायला जागा मिळते. चिक्की परतीच्या बाजूच्या दुकानातून घेतली तर गाडी वळवावी लागत नाही. यातली प्रत्येक वेळ मी स्वतः घड्याळ लावून पाहिलेली आहे. अठरा वर्षांत या कागदाप्रमाणे वागलेलं एकही कुटुंब मला भेटलेलं नाही. लोक दहाला उठतात, व्हरांड्यात पत्ते खेळतात, कांदाभजी मागवतात आणि निघताना म्हणतात, किती छान आहे हो तुमचं लोणावळा. मला याचा मनापासून राग येतो.

गेल्या वर्षी मी असाच एक कागद तयार केला. तो लोणावळ्याचा नव्हता, फ्रान्समधल्या तूर्नों नावाच्या गावाचा होता, आणि तो दुसऱ्यांसाठी नव्हता.

आमची मुलगी लिऑनला असते. भाताच्या मुळांत राहणाऱ्या जिवाणूंवर ती पीएच.डी. करत होती. माझ्या माहेरी वडिवळ्याला भातशेती आहे. ती जायला निघाली तेव्हा माझे वडील, ज्यांना आम्ही सगळेच आबा म्हणतो, तिला म्हणाले होते, "भात बघाया येवढ्या लांब चाललीस? हितं धरनाखाली काय कमी भात हाय व्हय?" त्यावर ती सगळ्यांत जास्त हसली होती. त्याला आता तीन वर्षं होत आली होती आणि मधे ती एकदाच, पंधरा दिवसांसाठी, येऊन गेली होती.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी फोनवर ती म्हणाली की काम जमत नाहीये. दीड वर्षाचे प्रयोग वाया गेले, सर म्हणतात पुन्हा पहिल्यापासून सुरू कर, आणि सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी गेलं की हात पुढे होत नाही. मी विचारलं, जेवलीस का. ती हो म्हणाली. फोन ठेवल्यावर मला जे येतं ते मी केलं. सात मुद्द्यांची यादी लिहून तिला पाठवली. झोपायची वेळ, सकाळचं खाणं, सरांशी कोणत्या वारी बोलायचं आणि काय बोलायचं, कोणते प्रयोग आधी घ्यायचे, कोणते मागे ठेवायचे. तिचं उत्तर आलं ते म्हणजे नुसता एक अंगठा. त्यानंतर सहा आठवडे तिने प्रत्येक फोनवर सगळं ठीक आहे असं सांगितलं. तिचा चेहरा मात्र दर आठवड्याला थोडा लहान दिसत होता. फोनच्या पडद्यावर माणूस किती वाळलंय हे नीट कळत नाही, आणि ते न कळणं फार वाईट असतं.

मार्चच्या शेवटी एक दिवस तिनेच फोन केला. मे महिन्यात एका गुरुवारी तिकडे कसलीशी धार्मिक सुट्टी असते, शुक्रवारची रजा जोडली की तीन-चार दिवस मिळतात, असं तिने सांगितलं. मग म्हणाली, "आई, तू येशील? बाबांनाही आण. पण तू ये."

आमच्या घरात कोणी कोणाला असं म्हणत नाही. ये म्हणायची वेळच येत नाही, कारण मी आधीच गेलेली असते. मी येते म्हणाले आणि लगेच वही उघडली.

लिऑनमध्ये तिच्या खोलीत बसून राहायला तिला नको होतं. तिथून रेल्वेने तासाभरावर रोन नदीच्या काठाला तूर्नों आहे. पहिल्या वर्षी ती एकदा तिथे गेली होती. मी विचारलं, तिथे बघण्यासारखं काय आहे. ती म्हणाली, "काही नाही. नदीवर बसायचं नुसतं."

मी शोधलं तेव्हा बघण्यासारखं भरपूर निघालं. नदीला लागूनच खडकावर किल्ला आहे. गाडी पलीकडच्या काठावरच्या गावात थांबते आणि मग फक्त पायी चालणाऱ्यांसाठी असलेल्या लोखंडी दोरांच्या जुन्या पुलावरून तूर्नोंत यावं लागतं. त्या पलीकडच्या गावात चॉकलेट बनतं, म्हणजे आपल्याकडच्या चिक्कीसारखंच. त्याच्या मागे द्राक्षांचा उभा डोंगर आहे आणि माथ्यावर एक इवलंसं प्रार्थनाघर. शनिवारी सकाळी बाजार भरतो. डोंगरातून एक जुनी वाफेची गाडी जाते. दुपारी बारा ते अडीच दुकानं बंद असतात. पुण्यात राहिलेल्या माणसाला यात काही नवीन नाही, पण जेवायची वेळ त्याप्रमाणे बसवावी लागते. मी तीन दिवसांचं वेळापत्रक केलं. गुरुवारी दुपारी पोचणं, सामान ठेवणं, काठाने फेरी. शुक्रवारी साडेनऊला किल्ला, अकराला पूल ओलांडून डोंगर, बाराच्या आत जेवणाचं टेबल, मग चॉकलेट. शनिवारी आठला बाजार आणि नंतर वाफेची गाडी.

संध्याकाळी पाहुण्यांचा चहा झाला की मी फोनवर त्या गावातून चालायचे. रस्त्यांची छायाचित्रं असतात, बोटाने पुढे सरकत जायचं. त्या पुलावरून मी तीस वेळा तरी गेले असेन. काठाला मोठ्या झाडांची रांग आहे, झाडांखाली बाक आहेत, रांगेच्या शेवटी एक हिरवा लोखंडी नळ आहे आणि त्यातून लोक बाटल्या भरून घेताना दिसतात. तोही मी लिहून ठेवला. हे म्हणायचे, अगं, पाणी विकत मिळेल की. माझे यजमान तळेगावच्या एका कारखान्यातून मागच्याच वर्षी निवृत्त झाले. स्वतःच्या कपाटातला बनियन शोधायला ते मला हाक मारतात.

मग व्हिसाची फाइल आली. दोघांच्या दोन फाइली केल्या, प्रत्येकीत रंगीत कागद घालून भाग पाडले. मुलीने तिकडून बोलावणारी म्हणून निमंत्रणाचे कागद पाठवले होते. व्हिसा केंद्राच्या यादीत अठरा कागदपत्रं होती आणि त्यातलं चौदावं होतं, 'नात्याचा पुरावा, असल्यास'. मी लोखंडी कपाटातून मुलीचा जन्मदाखला काढला. तो मी आजवर शंभर वेळा कोणाकोणाला दाखवला असेल, पण त्यातल्या आईच्या नावाच्या रकान्याकडे लक्ष देऊन कधी पाहिलंच नव्हतं. त्यात माझं लग्नाआधीचं नाव होतं. पहिलं नाव माझ्या वडिलांनी ठेवलेलं, मधलं वडिलांचं, आडनाव माहेरचं. पासपोर्टवर पहिलं नाव सासरी ठेवलेलं, मधलं नवऱ्याचं, आडनाव सासरचं. तीन शब्दांतला एकही शब्द जुळत नव्हता.

आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहितात. माझंही लिहिलं. आणि पहिलं बाळंतपण माहेरी करतात. तेही झालं, कामशेतच्या दवाखान्यात. या दोन रीती माझ्या आयुष्यात इतक्या सरळपणे पार पडल्या होत्या की त्या एका कागदावर कधी समोरासमोर येतील असं मला वाटलं नव्हतं.

मी वडिवळ्याला गेले. आबा ओसरीवर विळ्याला धार लावत बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, कान अजून चांगले. मी त्यांना दाखला दाखवला आणि विचारलं, दवाखान्यात माझं नाव तुम्ही सांगितलंत का.

"मंग कोन सांगनार? जावई ड्युटीवर, तू पडल्याली. नर्सबाईनी इचारलं, आईचं नाव सांगा. म्या सांगितलं."

"लग्नानंतरचं सांगायचं होतं, आबा."

त्यांनी विळा खाली ठेवला. "ते नाव त्यांनी ठिवलं. माज्या तोंडात ते अजून बसत न्हाई. तू माजी पोर, माज्या घरनं बाळंतपनाला गेल्ती. दुसऱ्याच बाईचं नाव म्या कसं सांगू?"

आजही ते मला माझ्या जुन्याच नावाने हाक मारतात. त्या नावाने हाक मारणारं माणूस आता तेवढं एकच उरलंय. मी त्यांना चहा करून दिला आणि निघाले. फाटकापर्यंत आले तर मागून म्हणाले, "चुकलं असंल तर खोडून दुसरं ल्हिव."

खोडून लिहिता येत नाही. दाखल्यातली दुरुस्ती करायला बरेच महिने लागतात असं ग्रामपंचायतीत कळलं, म्हणून ते काम 'परत आल्यावर' या पानावर टाकलं. तूर्तास वडगावला जाऊन प्रतिज्ञापत्र केलं. वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे, असं त्यात लिहिलं होतं. त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, दोन प्रती काढल्या आणि दाखल्याला जोडून दोन्ही फाइलींत चौदाव्या भागात लावल्या.

केंद्रात जायच्या आदल्या दिवशी हे माझी फाइल चाळत होते. चौदाव्या भागाशी थांबले.

"हा दाखला लावलाच पाहिजे का? असल्यास म्हटलंय."

"म्हणजे असला तर द्यायचा."

"नसला तरी चालेल असा त्याचा अर्थ आहे. आपण नाही म्हणूया. तुझ्या फाइलीत उगीच शंका."

"आहे आणि नाही म्हणायचं? मग ती शंका नाही का?"

त्यांनी फाइल मिटली. ते वाद घालत नाहीत. मला वाटलं, मुद्दा मीच जिंकला.

पुण्याच्या केंद्रात आमच्या खिडक्या शेजारीशेजारी होत्या. माझ्या खिडकीतल्या मुलीने चौदावा भाग उलटून पाहिला, प्रतिज्ञापत्र पाहिलं आणि सहज म्हणाली की मॅडम, हे कंपल्सरी नाहीये, काढून देऊ का? मी म्हणाले, असू दे.

तेवढे दोन शब्द. पुढे मी त्यांचा फार विचार केला.

एप्रिल संपता संपता दोन पाकिटं आली. ह्यांच्या पासपोर्टमध्ये व्हिसा होता, फोटोसकट. माझ्या पासपोर्टमध्ये काही नव्हतं. सोबत एक कागद होता. त्यावर बारीक अक्षरात कारणांची यादी छापलेली होती आणि एका चौकटीत खूण केलेली होती. प्रवासाच्या हेतूबद्दल दिलेली माहिती पुरेशी विश्वासार्ह वाटत नाही, असा त्या ओळीचा अर्थ होता. कोणती माहिती, कोणता कागद, हे कुठेच नव्हतं. मी केंद्रात फोन केला, तिथे म्हणाले, आम्ही फक्त कागद पोचवतो. ईमेल केला, त्याला ठरावीक उत्तर आलं. नवीन अर्जासाठी तारीख बघितली, ती जूनमधली मिळत होती. तो दाखलाच आडवा आला का, हे मला आजही माहीत नाही. दुसरंच काही असेल. तेच सगळे कागद ह्यांच्याही फाइलीत होते, फक्त तिथे वडिलांच्या रकान्यातलं नाव जुळत होतं. चूक सापडली असती तर मी ती दुरुस्त केली असती. इथे चूकच हाताला लागत नव्हती.

बंगल्यावर स्वच्छतेला येणाऱ्या मावशी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या आहेत. त्यांना मी सगळं सांगितलं, तेव्हा त्या उशीचा अभ्रा चढवता चढवता थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, कागदात तुमी दोगी हाव ना? मंग येकीला न्हाई म्हनले, तर दुसरीला धाडा की." मला हसू आलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभं राहावं लागलं.

मुलीला कळवलं. ती बरं म्हणाली. मग म्हणाली, बाबा तरी येऊ देत.

ह्यांनी जायला साफ नकार दिला. दोन दिवस आमचं त्यावरच चाललं होतं. त्यांना इंग्रजी जेमतेम येतं, विमानात एकदाच बसलेत, तेही कंपनीच्या लोकांबरोबर. पण खरं कारण ते नव्हतं. दुसऱ्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "तिने तुला बोलावलंय. मी जाऊन काय करू?"

"कोणीतरी जायला हवं."

"कोणीतरी नाही. तिला तू हवी आहेस."

"ते मला माहीत आहे," मी म्हणाले. "पण जायला तुम्हीच आहात."

मग मी त्यांची तयारी सुरू केली. विमानतळावर करायच्या गोष्टी चौदा पायऱ्यांत लिहिल्या, प्रत्येक पायरीला कोणता कागद काढायचा ते समोर लिहिलं. तूर्नोंच्या वेळापत्रकाच्या तीन प्रती दिल्या, एक हातातल्या पिशवीत, एक सामानात, एक मुलीसाठी. नकाशावर बाक आणि नळ लाल पेनाने दाखवले. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि सगळ्या घड्या करून शर्टाच्या खिशात कोंबल्या. त्या खिशात पेन, चष्मा, डोकेदुखीच्या गोळ्या, सगळंच असतं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, निघायच्या दिवशी सकाळी, बूट घालताना.

"ती काही बोलली तर मी काय बोलू?"

एवढ्या याद्यांत हे कुठेच नव्हतं. मी म्हणाले, ऐकून घ्या. ते म्हणाले, बरं. मग दाराबाहेर गाडीने हॉर्न दिला.

लिऑनला पोचल्यावरचे तीन दिवस मुलगी कामावर जायची आणि हे तिच्या खोलीत बसून राहायचे. फोन केला की सांगायचे, आज तिच्या खिडकीची कडी दुरुस्त केली, आज वरणभात केला. कसा केला, मी विचारलं. जमेल तसा, ते म्हणाले. ती कशी आहे विचारलं की म्हणायचे, बारीक झालीये. तेवढंच. मी इथे फोनवर बोटाने तिच्या गल्लीतून फिरायचे, तिची इमारत बाहेरून बघायचे. खिडकी कोणती हे मला कळायचं नाही.

गुरुवारी ते तूर्नोंला पोचले. संध्याकाळी मी विचारलं, काठाने फेरी झाली का. ते म्हणाले, थोडी झाली, मग बसलो. मी आठवण केली की उद्या किल्ला साडेनऊला, उशीर झाला तर डोंगर चढायला ऊन लागेल. ते हो म्हणाले. त्या 'हो'वरूनच मला कळायला हवं होतं. पाहुणेसुद्धा मला अगदी तसंच हो म्हणतात.

शुक्रवारी इथे तिन्ही बंगले भरणार होते. मे महिना, शाळांना सुट्ट्या. दोन नंबरच्या बंगल्यात मावशी फरशी पुसत होत्या आणि मी वरच्या खोलीत चादरी घालत होते. पाच वाजत आले होते, म्हणजे तिकडे दीड. वेळापत्रकाप्रमाणे त्यांचं जेवण आटोपत आलेलं असायला हवं होतं, अडीचला दुकान उघडलं की चॉकलेट. फोन वाजला. ह्यांचा होता.

"ती रडतेय," ते म्हणाले. आवाज अगदी हळू. "सकाळपासून काही बोलली नाही आणि आता रडतेय. काय करू?"

माझ्या हातात चादर होती. मी विचारलं, "कुठे आहात?"

"नदीवर. बाकावर."

"समोर पलीकडे द्राक्षांचा डोंगर दिसतोय?"

"हो."

"मागे किल्ला?"

"हो."

"किल्ला बघितलात का?"

हे मी का विचारलं ते मला कळत नाही. ते म्हणाले, नाही. सकाळपासून इथेच बसलोय.

मला ती जागा माहीत होती. त्या बाकाची तिसरी फळी फिकट आहे हेसुद्धा मला माहीत होतं. माणसं नेमकी कुठे बसलीत हे मला कळत होतं आणि मी कुसगावात पहिल्या मजल्यावर उभी होते.

"तिच्या पाठीवर हात ठेवा," मी म्हणाले.

"ठेवलाय."

मग मला पुढचं सुचेना. वही खाली टेबलावर होती, पण वहीत काही नव्हतं. शेवटी मी म्हणाले, उजव्या हाताला झाडांच्या रांगेच्या शेवटी नळ आहे, हिरवा, तिथून बाटली भरून आणा, तिला तोंड धुवू दे, गार पाणी पिऊ दे. त्यांनी विचारलं, आणि फोन? मी म्हणाले, तिच्याजवळ द्या.

फोन तिच्या हातात गेल्याचं मला ऐकू आलं. वारा होता. दूर कुठल्यातरी बोटीचा संथ आवाज होता. ती नाक ओढत होती. मी चादरीचं एक टोक गादीखाली खोचलं. खरं सांगायचं तर त्यापलीकडे मला काही येत नव्हतं.

"आई," ती म्हणाली.

"हं."

"मला हे सोडायचंय. पीएच.डी. मला परत यायचंय."

त्या क्षणी माझ्या डोक्यात मुद्दे आपोआप रांगेत उभे राहिले. सरांना लेखी कळवणं, खोली सोडायची नोटीस, शिष्यवृत्तीचं काय, इथे पुढे कुठे अर्ज, आधी दोन महिने थांबून बघणं. पहिला मुद्दा अगदी जिभेवर आला होता. सात मुद्द्यांना आलेला तो अंगठा मला आठवला.

"बरं," मी म्हणाले.

ती पुन्हा रडली. मी ऐकत राहिले. काही वेळाने म्हणाली, "तू असतीस ना..." मी हं म्हणाले. त्याला काहीच करता येण्यासारखं नव्हतं. पासपोर्ट घरी कपाटात होता, व्हिसाचं पान कोरं.

मग तिचा आवाज थोडा बदलला. "आई, त्या नळाला पाणी नाहीये."

"कसं नाही? लोक भरतात."

"बंद आहे. त्यावर कसलातरी कागद चिकटवलाय. मी इथून बघतेय."

मी पाहिलेली छायाचित्रं कधीची होती, कोणास ठाऊक. चार वर्षांपूर्वीची असतील. दुसरा नळ कुठे ते मला माहीत नव्हतं. तीस वेळा पूल ओलांडला, पण दुसरा नळ बघून ठेवला नव्हता.

"मग परत बोलव त्यांना," मी म्हणाले.

"हात केला. येत नाहीयेत. दाबून बघतायत. आता खालून बघतायत." तिचं नाक चोंदलेलं होतं आणि त्यातूनच ती थोडीशी हसली. "तू सांगितलंस म्हणून. आता खिशातून तो नकाशा काढलाय त्यांनी."

हा माणूस तीस वर्षांत माझी एक यादी वाचून बाजारातून भाजी आणू शकला नव्हता.

खाली गाडी आली. फाटक उघडल्याचा आवाज आला, मुलांचे आवाज आले. मावशी जिन्याने अर्ध्यावर आल्या आणि त्यांनी खुणेने विचारलं, चावीबरोबर कागद देऊ का. मी खुणेनेच सांगितलं, चावी द्या, बसवा त्यांना. त्या माझ्याकडे बघून परत खाली गेल्या.

चादरीचं एक टोक गादीखाली खोचून झालं होतं, तीन राहिली होती. मी तशीच पलंगाच्या कडेला बसले. तिकडे ती म्हणत होती, बाबा येतायत, रिकामी बाटली घेऊन. मी म्हणाले, येऊ दे. आम्ही दोघीही फोन ठेवत नव्हतो.